न छेडलेल्या तारा: व्हॅमी असलेली गिटार शांत करताना

८ जून २०२४, शनिवार. रात्रीची आवराआवर झाल्यावर मी माझं पहिलं नीट रेकॉर्डिंग केलं. यमनचा दोन मिनिटांचा आलाप, इलेक्ट्रिक गिटारवर, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) व्हॅमीच्या, म्हणजे ब्रिज हलवून सूर वरखाली करणाऱ्या, दांडीने घेतलेली. वाजवताना छान वाटत होतं. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा प्रत्येक सुरामागे वेगळंच काहीतरी चाललेलं. सतत एक गुंई, बोट सरकल्याची चिर्र, दांडी सोडली की खडखड, आणि सूर थांबल्यावरही मागे रेंगाळणारा, विहिरीतून आल्यासारखा घुमारा. सोसायटीच्या गणपतीत वाजवायचं मी कबूल करून बसले होते आणि गणपती ७ सप्टेंबरला होते.

पुढचे तीन महिने काय काय केलं ते तारीखवार लिहिते. अशी गिटार घरात असेल आणि नक्की काय बिघडलंय हेच कळत नसेल, तर उपयोग होईल.

माझी गिटार स्ट्रॅटोकास्टर धाटणीची, इंडोनेशियात बनलेली, जानेवारीत सेकंडहँड १४,००० रुपयांना घेतलेली. या धाटणीत ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग, लाकडाला पक्का बसवलेला नसतो. तो पुढच्या कडेला सहा स्क्रूंवर टेकून झुलतो. त्याखाली धातूचा एक ठोकळा बॉडीतून आरपार मागे जातो आणि मागच्या खोबणीतल्या स्प्रिंगा त्याला धरून ठेवतात. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने स्प्रिंगा. ९-४२ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण साधारण ३८ किलो भरतो, म्हणजे तो तोलला जाईल एवढ्या जोराने स्प्रिंगांनी उलट धरायला हवं. दांडी दाबली की तोल ढळतो आणि सूर उतरतो, सोडली की तोल परत येतो.

अमेरिकन गिटारकर्ते लिओ फेंडर यांनी १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टरवर ही रचना आणली आणि तिला ट्रेमोलो म्हटलं. खरं तर आवाज लहानमोठा होतो तो ट्रेमोलो आणि सूर वरखाली होतो तो व्हायब्रॅटो, पण ते नाव तसंच रूढ झालं. सुटे भाग शोधताना दोन्ही शब्द टाकून शोधा, नाहीतर अर्ध्या वस्तू दिसतच नाहीत.

सोमवारी, १० जूनला, गिटार दुरुस्तीच्या एका दुकानात टाकली. तीन दिवस सांगितले होते, नऊ लागले. १९ तारखेला १,२०० रुपये देऊन आणली. त्यांनी मागच्या स्प्रिंगा इतक्या आवळल्या होत्या की ब्रिज लाकडाला चिकटून बसला होता. दांडीने सूर जेमतेम उतरायचा, वर तर जायचाच नाही. आणि गुंई, खडखड, घुमारा तिन्ही जसेच्या तसे. दांडी वापरू नका, असा सल्ला मिळाला. मला फार वाईट वाटलं, कारण मींडेसाठीच तर ही गिटार घेतली होती. पण दुकानात देताना मी फक्त 'आवाज येतो' एवढंच सांगितलं होतं. कुठला आवाज, केव्हा येतो, कशाने थांबतो, हे मलाच माहीत नव्हतं.

म्हणून शनिवारी २२ जूनला पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि गिटार अँपला न जोडता नुसती मांडीवर घेऊन बसले. वही काढली. एक तार छेडायची, तळहाताने सगळ्या तारा एकदम दाबायच्या आणि काय उरतं ते ऐकायचं. मग एकेका जागेवर बोट ठेवून पाहायचं, कुठे ठेवल्यावर आवाज मरतो. या दोन तासांत जे कळलं ते पुढच्या कुठल्याही खर्चाने कळलं नसतं. विकत काही आणण्याआधी हे करा, अगदी कळकळीने सांगते.

घुमारा स्प्रिंगांचा निघाला. मागचं प्लास्टिकचं झाकण काढून स्प्रिंगांवर बोट ठेवलं आणि विहीर बुजली. तारा थांबल्या तरी स्प्रिंगा थरथरत राहतात आणि पिकअप (तारांची थरथर पकडून अँपकडे पाठवणारा भाग) ते उचलतो. चाळीत डब्याला स्प्रिंग बांधून खेळायचो तसाच तो आवाज.

एक बारीक किणकिण हेडस्टॉकवरून, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असतात तिथून, येत होती. नट (मानेच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) आणि खुंट्या यांच्यामधल्या तारेच्या लहान तुकड्याला आपण कधी हात लावत नाही, पण मुख्य तारेला झटका बसला की तोही वाजतो. खडखड दांडीची होती, कारण ती आपल्या भोकात सैल फिरत होती. शिवाय दुसऱ्या तारेच्या सॅडलचा, म्हणजे ब्रिजवर ती तार ज्यावर टेकते त्या तुकड्याचा, उंची ठरवणारा बारीक स्क्रू ढिला होऊन झणझणत होता.

दुरुस्तीची सुरुवात स्वस्तापासून केली. नळाच्या कामाची टेफ्लॉन टेप, १५ रुपये. दांडीच्या आट्यांवर तिचे दोन वेढे दिले आणि खडखड गेली. त्याआधी मी घाईने ३५० रुपयांची नवी दांडी मागवली होती, ती बसलीच नाही. अमेरिकेत बनलेल्या गिटारींच्या दांडीचे आटे इंचाच्या मापाचे असतात, आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारींचे ५ किंवा ६ मिमीचे. दिसायला सारखेच. बसत नसेल तर पिळू नका, ठोकळ्यातले आटे कायमचे जातात. सॅडलचा स्क्रू १.५ मिमीच्या ॲलन कीने जागेवर आणून त्यावर नेलपॉलिशचा एक थेंब सोडला. वाळल्यावर तो हलत नाही आणि पुढे गरज पडली तर चावीने सहज सुटतोही. हेडस्टॉकवर, नटच्या मागे, शिवणाच्या डब्यातली फेल्टची पट्टी तारांच्या खालून-वरून विणली.

स्प्रिंगांसाठी मात्र मी चुकीच्या क्रमाने गेले. २५ जूनला परदेशातून रबरी आवरण असलेल्या स्प्रिंगा मागवल्या. स्प्रिंगा २,४५० रुपये, पाठवणी १,५५०. ३ जुलैला कुरिअरचा निरोप आला, केवायसीशिवाय पार्सल कस्टममधून सुटणार नाही. आधार अपलोड केलं, तर नामंजूर, कारण आधारवर जुना पत्ता आणि पार्सलवर नवा. मग भाडेकरार जोडला. त्याची फाइल मोठी म्हणून नामंजूर. पानं वेगवेगळी स्कॅन करून पुन्हा जोडली. वस्तू नेमकी काय आहे आणि कशासाठी, हे दोन ओळींत लिहून मागितलं. कर आणि हाताळणीचे मिळून १,३२० रुपये भरले आणि पार्सल १८ जुलैला हातात पडलं. २३ दिवस गेले. मागवणार असाल तर पार्सलवर आधारवरचाच पत्ता घाला आणि बिलाची प्रत आधीच काढून ठेवा.

दरम्यान मी मिक्सरच्या खोक्यातला पातळ मऊ स्पंज कापून जुन्या स्प्रिंगांच्या मधून आणि खालून सरकवला होता. घुमारा त्याच दिवशी संपला होता. स्पंज अगदी हलका हवा. ठासून भरला तर ब्रिजच्या हालचालीला अडवतो आणि दांडी सोडल्यावर सूर जागेवर येत नाही. ५,३२० रुपयांच्या त्या स्प्रिंगा चांगल्या आहेत, आज बसवलेल्याही आहेत, पण कानाला दोन्हींत फरक कळत नाही.

राहिली गुंई. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप ती गुणगुण पकडतोच. पण एक खूण पाहायची असते. तारांना हात लावला की गुंई कमी झाली पाहिजे. माझी हात लावा, न लावा, तेवढीच. म्हणजे तारांना अर्थिंग मिळत नाही. अर्थिंगची वायर मागच्या खोबणीत स्प्रिंगा अडकवलेल्या धातूच्या पंज्याला सोल्डर केलेली असते. पाहिलं तर टाका निघालेला. शनिवारी ६ जुलैला पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गल्लीत गेले. घरची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची होती. पंजा जाड लोखंडाचा, उष्णता पिऊन टाकतो, त्यावर सोल्डर धरतच नाही. ६० वॉटची घ्या, असं दुकानदार काकांनी सांगितलं. तिचे ३८० रुपये. पंज्याची जागा सँडपेपरने घासली, आधी तिथे थोडं सोल्डर पसरून घेतलं, मग वायर ठेवली. हात थरथरत होते, कारण आयुष्यात पहिल्यांदाच डाग देत होते. तिसऱ्या प्रयत्नाला टाका चमकदार बसला.

तरीही थोडी गुंई उरली, म्हणून वायरमनला बोलावलं. ज्या सॉकेटला अँप लावत होते त्यातली अर्थिंगची वायरच सुटलेली. ३०० रुपये आणि वीस मिनिटं. हे गिटारपेक्षाही जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. गुंई जाते म्हणून अँपच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे असतात, तसं कधीही करू नका. तारा थेट आपल्या बोटांना लागलेल्या असतात. आता जी राहिली ती पिकअपची अंगभूत गुणगुण. पाच टप्प्यांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेला दोन पिकअप एकत्र चालतात आणि माझ्या गिटारमध्ये तिथे ती जवळजवळ नाहीशी होते. आलाप मी चौथ्या जागेवरच वाजवायचं ठरवलं.

१७ जुलै, आषाढी एकादशी. सुट्टी होती, बाहेर धो धो पाऊस. साबुदाण्याची खिचडी खाऊन ब्रिजचा तोल साधायला बसले, संध्याकाळपर्यंत पुरला. ब्रिजची मागची कड लाकडापासून साधारण ३ मिमी वर तरंगली, तर सूर खालीही जातो आणि थोडा वरही. हे मोजायला जुनी एटीएम कार्डं कामी आली. एक कार्ड पाऊण मिमीचं, चार कार्डं म्हणजे ३ मिमी. कार्डं ब्रिजखाली सरकवायची, मागच्या पंज्याचे दोन स्क्रू आवळून ब्रिज कार्डांवर घट्ट बसवायचा, नव्या तारा लावायच्या, हाताने ओढून ओढून त्यांचं सैलपण काढायचं आणि सुरात लावायच्या. मग पंज्याचे स्क्रू पाव-पाव आटा सोडत जायचे. कार्डं आपसूक सुटून हातात आली की तोल त्या जागी जमला.

कार्डांशिवाय केलं तर वेड लागतं. एक तार चढवली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच उतरतात. त्या चढवल्या की पहिली उतरते. आदल्या रविवारी मी दीड तास हेच करत होते आणि शेवटी रडू आलं होतं. नटच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं, कारण खुंटी फिरवताना होणारं 'टिंग' म्हणजे तार खाचेत अडकून एकदम सुटते आहे. तशी अडकलेली तार दांडी सोडल्यावर मूळ सुरावर येत नाही.

जुलैअखेर पुन्हा तोच आलाप रेकॉर्ड केला. गुंई नाही, खडखड नाही, घुमारा नाही. पण सुरांच्या मागे काहीतरी पुसट चालूच होतं, आणि आता बाकी शांतता असल्यामुळे ते जास्तच टोचत होतं.

इथे मला सतारीने हात दिला. सोळाव्या वर्षापर्यंत मी सतार शिकले. सतारीला वाजवायच्या तारांखाली अकरा ते तेरा तरफेच्या तारा असतात. त्या रागाप्रमाणे लावायच्या, छेडायच्या नाहीत. वरचा सूर नेमका लागला की खालची तरफ आपोआप बोलते. गिटारला वेगळी तरफ नाही, पण ज्या तारेला आपण हात लावलेला नाही ती प्रत्येक तार तरफेसारखी वागते. करून बघा: तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) सूर वाजवा, तो २२० हर्ट्झचा. लगेच ती तार दाबून थांबवा. पाचवी तार ११० हर्ट्झची, कुणी छेडलेली नाही, तरी ती वरच्या सप्तकात तोच सूर धरून गात असेल.

साध्या गिटारवर यावर सोपा उपाय असतो, उजव्या हाताचा तळवा ब्रिजपाशी तारांवर टेकवून ठेवायचा. तरंगत्या ब्रिजवर तेच नडतं. तळवा ब्रिजवर जरासा जड पडला तरी ब्रिज मागे दबतो आणि सगळे सूर चढतात. तारा शांत करणारा हातच बेसूर करतो. त्यात मींड घेताना उजव्या हातात दांडी असते, म्हणजे तळवा तारांवरून उठलेलाच. दांडी सोडतानाच्या हिसक्याने सगळ्या सुट्या तारा एकदम जाग्या होतात.

सगळा ऑगस्ट यात गेला. रोज वीस मिनिटं, मोबाइलवर तंबोरा लावून, अँपचा गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) मुद्दाम चढवून, कारण गेन चढला की बारीक आवाजही लपत नाही. डाव्या हाताचा अंगठा मानेवरून वर आणून सहाव्या तारेला नुसता टेकवायचा. पहिल्या बोटाचं टोक वाजत्या तारेच्या वरच्या जाड तारेला चिकटलेलं ठेवायचं, आणि त्याच बोटाची खालची बाजू सपाट करून बारीक तारांवर झोपवायची. उजव्या हाताची करंगळीकडची कड ब्रिजवर न ठेवता सॅडलच्या पुढे, फक्त जाड तारांवर, पीस ठेवावं तशी. दांडी अनामिका आणि करंगळीने धरायची, म्हणजे कड तारांवरून उठत नाही. पहिला आठवडा मनगट दुखलं. १५ ऑगस्टच्या सुमारास हात न सांगता जागेवर जाऊ लागला. चिर्र मात्र वेगळी गोष्ट. जाड तारांवर गुंडाळलेली तार असते, तिच्यावरून बोट घासत नेलं की ती येणारच. सरकण्याआधी बोट केसभर उचलायचं, एवढंच.

नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र, तोही वापरून पाहिला. शांततेतला आवाज तो चटकन कापतो, पण मींडेचं शेपूटही कापतो. उतरत्या सुराचा शेवटचा श्वास जिथे विरायला हवा तिथे दार आपटल्यासारखं होतं. तो काढून टाकला. पहिल्या फ्रेटवर केसांचा जाड रबर गुंडाळायची युक्तीही चांगली आहे, पण सुट्या तारा वाजवायच्या असतील तर तिचा उपयोग नाही, आणि माझा षड्ज चौथ्या सुट्या तारेवर होता.

त्या षड्जावरूनच २४ ऑगस्टच्या रात्री गाठ सुटली. माझा सा पांढरी दोन, म्हणजे गिटारचा डी. चौथी सुटी तार सा, पाचवी पंचम, पहिली आणि सहावी रिषभ, दुसरी धैवत. पाचही तारा यमनातल्या. फक्त तिसरी तार शुद्ध मध्यम, आणि यमनात लागतो तीव्र. इतके दिवस जे पुसट टोचत होतं ते हेच होतं. दांडी सुटली की न छेडलेली तिसरी तार यमनात शुद्ध मध्यम घालत होती. मी तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवली, म्हणजे ती गंधार झाली. एक तार उतरल्याने ब्रिज जरा मागे गेला, बाकीच्या चढल्या, त्या सगळ्या पुन्हा लावल्या. तिसऱ्या तारेवरची बोटं एका फ्रेटने पुढे न्यायला शिकायला आणखी आठवडा गेला. पण आता हातातून एखादी तार निसटलीच, तर ती रागातच बोलते. रात्री साडेअकराला मी हळूच एक मींड घेऊन दांडी सोडली आणि मागे गंधार उमटला. मी तशीच बसून राहिले.

कार्यक्रम ११ सप्टेंबरला, पाचव्या दिवशी, आरतीनंतर. मांडवात एलईडीच्या माळा होत्या, त्यांनी पिकअपमध्ये वेगळीच झिणझिण भरली. स्टेजवर उभ्याउभ्या हळूहळू वळत गेले, मखराकडे थोडी पाठ होईल इतकी वळल्यावर ती बरीच बसली. सिंगल कॉइलचं तोंड कुठे आहे यावर गुणगुण अवलंबून असते, हे लक्षात ठेवा, ऐन वेळी दुसरं काही करता येत नाही. दोन मिनिटांचा आलाप साडेतीन मिनिटं चालला. एका जागी तळवा जड पडला आणि निषाद चढला, तो मला अजून ऐकू येतो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबून हवा कोरडी झाली तशी लाकडाने जागा बदलली. ब्रिज जरा मागे झुकला, चौथं कार्ड खाली जाईना. पंज्याचे स्क्रू पाव आटा सोडले, तारा लावल्या, कार्डं गळून पडली. ती चार कार्डं, ६० वॉटची सोल्डरिंग आयर्न आणि टेफ्लॉन टेप आता गिटारच्याच पिशवीत असतात.